शिंग, गाठ आणि चक्कर: पोळ्याआधी एवढं वाचाच



दर आठवड्याला आपण धानावरचा करपा, खोडकिडा, गादमाशी यावर बोलतो. आज धान बाजूला ठेवू. रोवणी आटोपली, बैल जरा मोकळे झाले आणि पोळा तोंडावर आला आहे, म्हणून आज जनावरांच्या गाठींबद्दल, म्हणजे कॅन्सरबद्दल. संदेश मोठा आहे. एका बैठकीत नाही झाला तर दोन बैठकीत वाचा, पण बैलाच्या शिंगाचा भाग सोडू नका.

निमित्त असं झालं की ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. त्यात एक परदेशी कुत्रा चालता चालता कोसळतो आणि डॉक्टर सांगतात, याला ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ आहे. मग चार-पाच जणांचे मेसेज आले, “ताई, आमचा कुत्रा बी असाच पडते, त्याले तेच झालं का?” मी कृषी पदविकेची, जनावरांची डॉक्टर नाही. म्हणून औषधाचे डोस या संदेशात मिळणार नाहीत. पण काय ओळखायचं, कशाला हात लावायचा नाही आणि डॉक्टरकडे कधी पळायचं, एवढं नीट सांगते.

आधी तो अवघड शब्द. शरीरात काही पेशी अशा असतात की त्या मज्जातंतूंचा निरोप घेतात आणि त्याप्रमाणे रक्तात हार्मोन सोडतात. स्वादुपिंडात, थायरॉईडमध्ये, मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीत, आतड्यात, फुप्फुसात अशा ठिकाणी त्या असतात. या पेशींची गाठ झाली की पुष्कळदा गाठ लहानच राहते, बाहेरून हाताला लागत नाही, पण हार्मोन मात्र नको तेव्हा आणि नको तेवढं सोडत बसते. मोटारपंपाचा स्टार्टर चिकटला आणि बांधी भरून वाहायला लागली तरी पंप बंद होत नाही, तसं समजा. नुकसान गाठीच्या आकारानं कमी आणि त्या पाण्यानं जास्त होतं.

कुत्र्यांमध्ये याचं ठळक उदाहरण म्हणजे इन्शुलिनोमा. स्वादुपिंडातली गाठ इन्शुलिन सोडत राहते आणि रक्तातली साखर उतरते. साधारण मध्यम ते म्हाताऱ्या वयाचा कुत्रा, आठ-नऊ वर्षांच्या आसपासचा. पळाल्यावर, उपाशी राहिल्यावर मागचे पाय लटपटतात, अंग थरथरतं, कुत्रा भांबावल्यासारखा करतो, कोसळतो, कधी झटके येतात. थोड्या वेळानं किंवा काही खाल्लं की पुन्हा उठून शेपूट हलवतो. तपासणीचा पहिला टप्पा महाग नाही: त्रास होत असतानाच रक्तातली साखर मोजायची. ती ६० च्या खाली असेल तर डॉक्टर पुढे इन्शुलिनची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी सांगतात. कुत्र्यांमधल्या या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात आणि यकृताकडे पसरतात. ऑपरेशननं आणि औषधांनी काही महिने, कधी त्याहून जास्त काळ चांगला मिळतो. घरी करण्यासारखं एकच आहे, दिवसातून एकदा पोटभर देण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यायचं. गूळ-साखरेचा मारा करायचा नाही. गोडानं साखर एकदम चढते, त्यावर गाठ आणखी इन्शुलिन सोडते आणि कुत्रा पुन्हा पडतो.

आता महत्त्वाचं. त्या व्हिडिओत सांगितलं आहे की झटका आला की कुत्र्याच्या हिरड्यांना मध चोळा. शहरातल्या, दरवर्षी लस टोचलेल्या, घरात झोपणाऱ्या कुत्र्यासाठी ते ठीक असेल. आपल्याकडे असं कोणीही करू नका. आपला कुत्रा जंगलात जातो, गावातल्या दहा कुत्र्यांशी भांडतो आणि बहुतेकांना लस नसते. अशा कुत्र्याला झटके आले, लाळ गळायला लागली, आवाज बदलला, जबडा लोंबला, विनाकारण चावायला धावला किंवा कोपऱ्यात अंधारात जाऊन बसला, तर पहिला संशय रेबीजचा. इन्शुलिनोमा आपल्याकडे शंभरातला नव्हे, त्याहूनही विरळ पाहुणा. रेबीज एकदा लक्षणं दिसली की बरा होत नाही, माणसालाही नाही. म्हणून तोंडात हात नको, तोंडात पाणी ओतणं नको. मुलांना दूर करा, कुत्र्याला बंद जागेत ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. कोणाला चावला किंवा लाळ जखमेला लागली तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, हळद-चुना-तिखट काही भरू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. “कुत्रा मेला की पाहू” असं थांबू नका.

रेबीजनंतर दुसरा संशय विषबाधेचा, आणि हा भाग माझ्या शेतीचा आहे. थिमेट म्हणजे फोरेट, त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. तरी जुना डबा कुणाच्या ना कुणाच्या कोठ्यात सापडतोच. अशा औषधाचे दाणे किंवा फवारणीचं डबकं कुत्र्यानं चाटलं की लाळ, उलटी, जुलाब, डोळ्याची बाहुली बारीक, अंगाला थरकाप आणि झटके. सोबत औषधाच्या डब्याचा फोटो डॉक्टरांना दाखवा, त्यावरून उतारा ठरतो. लहान पिल्लू असेल, नाकाडोळ्यातून घाण येत असेल आणि झटके असतील तर डिस्टेंपर. हे सगळं बाजूला पडल्यावर मग गाठीचा विचार.

बैलावळूतही या हार्मोनवाल्या गाठीचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. म्हाताऱ्या वळूंमध्ये थायरॉईडच्या एका प्रकारच्या पेशींची गाठ सापडते आणि ज्या वळूंना वर्षानुवर्षं कॅल्शियम भरपूर असलेला दुधाळ गायींचा खुराक दिला, त्यांच्यात ती जास्त दिसली. कारण समजायला सोपं आहे. दुभत्या गाईचं कॅल्शियम दुधातून बाहेर जातं, वळूचं कुठे जाणार? त्या पेशींचं काम कॅल्शियम आवरण्याचं, त्या सतत राबत राहतात. म्हणून कॅल्शियमची बाटली दुभत्यासाठी, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. “ताकद यावी म्हणून” बैलाला, वळूला पाजू नका. खनिज मिश्रणाचं तसं नाही, ते पाकिटावर लिहिलेल्या मापात सगळ्यांना चालतं.

आता आपल्या घरातला खरा कॅन्सर. तो व्हिडिओत नाही, तो आपल्या गोठ्यात आहे: बैलाच्या शिंगाचा कॅन्सर. जगात इतरत्र हा फार क्वचित दिसतो, भारतात मात्र जुना आणि ओळखीचा. नाईक, बालकृष्णन आणि रांदेलिया या संशोधकांनी देशी गोवंशात तो कोणत्या जातीत किती दिसतो याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला होता. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे. तरीही अजून बैल शिंग गळून पडेपर्यंत औताला जुंपलेला दिसतो, याचं मला नवल वाटतं.

तो कोणाला होतो? देशी, शिंगवाल्या गोवंशाला. गाईपेक्षा बैलाला कितीतरी जास्त, आणि खच्ची न केलेल्या वळूला क्वचितच. वय साधारण पाच ते दहा, म्हणजे बैल ऐन कामात असतो तेव्हा. बहुतेक वेळा एकाच शिंगाला. म्हशीत फारच विरळ.

शिंग बाहेरून दगडासारखं दिसलं तरी आत तसं नाही. वरचं कवच, त्याच्या आत हाडाचा गाभा आणि मोठ्या जनावरात त्या गाभ्यातही पोकळी. ती पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली आणि तिथून वाट नाकाला. कॅन्सर या आतल्या अस्तरातून सुरू होतो. त्यामुळे शिंग वरून चकचकीत असतानाच आत रोग वाढत असतो आणि पहिली खूण शिंगाऐवजी नाकात दिसू शकते: शिंगाच्या बाजूच्याच नाकपुडीतून पातळ रक्त, किंवा घाण वासाचा रक्तमिश्रित शेंबूड. “उन्हानं घोळणा फुटला” म्हणून सोडून देतात ते हेच.

बाकी सुरुवातीच्या खुणा अशा. बैल डोकं पुन्हा पुन्हा झटकतो. एकच शिंग झाडाला, खुंट्याला घासतो. मान एका बाजूला कलती धरतो. जू मानेवर ठेवताना मागे सरतो. आपण म्हणतो, बैल माजला, कामचुकार झाला. खरं तर त्याचं शिंग ठणकत असतं. पुढे शिंगाचं बूड गरम आणि मऊ लागतं, शिंग हलतं, हळूहळू वाकतं, शेवटी गळतं आणि आतून फुलकोबीसारखं मांस बाहेर येतं. मग माशा, अळ्या, खाणं बंद. डोळ्याकडे आणि कवटीकडे पसरलं की डॉक्टरच्याही हातात फार राहत नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही शिंगांच्या बुडाला एकाच वेळी दोन्ही हात लावा. एक बाजू जास्त गरम आहे का? मग बोटाच्या पेरानं दोन्ही शिंगं हलकेच ठोका. चांगलं शिंग पोकळ वाजतं, भरलेलं शिंग भद्द वाजतं. आणि बैलाकडे बघा: एका बाजूला ठोकल्यावर तो डोकं हिसकतो का? तुलना दोन शिंगांची करायची, शेजाऱ्याच्या बैलाशी नाही. खांदशेकणीच्या संध्याकाळी हळद-तूप लावायला आपण बैलाजवळ असतोच, घरातली चार माणसंही असतात. त्याच वेळी शिंगालाही हात लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

कशामुळे होतो, यावर संशय अनेक आहेत. शिंगाला जू आणि दोराचा सततचा घास, ऊन, शिंगं तासणं, शिंगांना लावलेला रंग, खच्ची केल्यामुळे बदललेले हार्मोन. एकट्या रंगामुळे कॅन्सर होतोच, असं कोणी सिद्ध केलेलं नाही, म्हणून “पोळ्याला रंगवलं म्हणून बैल मेला” असं मी म्हणणार नाही. पण तासल्यानं कवच पातळ होतं आणि त्यावर टर्पेंटाईन घातलेला दाराखिडक्यांचा पेंट लावला की तो कातडीच्या कडेपर्यंत जातो, हे तर डोळ्यानं दिसतं. संशय आहे आणि फायदा काहीच नाही, तर धोका कशाला पत्करायचा? यंदा काचेनं, पत्रीनं शिंग तासू नका. तेल लावून पुसा, गेरू किंवा हळद लावा. बेगड, गोंडे, झूल, माळा हौसेनं घाला. शेंब्या बसवत असाल तर ठोकून घट्ट बसवू नका आणि पोळा झाल्यावर काढा. मुलं पेंटचा हट्ट धरतील, तर वरच्या टोकाला लावू द्या, बुडाला आणि कातडीला अजिबात नाही. बैल कमी देखणा दिसणार नाही.

उपचार आहे, आणि लवकर गेलात तर चांगला आहे. डॉक्टर गुंगी देऊन, शिंगाच्या नसेत भूल देऊन शिंग मुळापासून काढतात आणि कातडी ओढून वर शिवतात. कातडी शिवणं फार महत्त्वाचं, कारण आधी सांगितलं तसं शिंगाची पोकळी कपाळात उघडते. गावात करवतीनं शिंग कापलं की तिथे उघडं भोक राहतं. त्यात पावसाचं पाणी, माशा, पू सगळं थेट कवटीच्या पोकळीत. म्हणून गावठी कापणी नको. टाके साधारण दहा-पंधरा दिवसांनी निघतात, जखम पूर्ण भरेपर्यंत जू नाही. सुरुवातीलाच काढलं असेल तर बैल पुढे कामाला लागतो, एका शिंगाचा का होईना. उशीर झाला असेल, तर पुन्हा उगवण्याची भीती राहते. ऑपरेशनच्या जोडीला काही ठिकाणी व्हिनक्रिस्टिन नावाचं इंजेक्शनही वापरतात, त्याचं पुढे सांगते.

काढलेल्या भागाचा तुकडा तपासायला पाठवायला डॉक्टरांना नक्की सांगा. तो दहापट फॉर्मालिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत जातो. स्पिरिट, मीठ, दारू किंवा बर्फ चालत नाही. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, तिथल्या विकृतिशास्त्र विभागात असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅन्सर आहे की नुसता पू साठला आहे, हे त्याशिवाय पक्कं होत नाही.

अळ्या पडल्या असतील तर पिकाचं कीटकनाशक, फिनाईल किंवा गोचिडाचं औषध शिंगाच्या भोकात ओतू नका. आत गेलेलं नाकातून, घशातून पोटात जातं. असं करून बैल अळ्यांआधी विषानं जातो.

आता पुन्हा कुत्र्याकडे, कारण त्याचा एक कॅन्सर आपल्या गावात खरोखर आहे आणि तो बराही होतो. नराच्या लिंगातून थेंब थेंब रक्त येतं, मादीला माज नसताना महिनोन्‌महिने रक्त जातं. बघितलं तर आत लालसर, फुलकोबीसारखी, हात लावताच रक्त सुटणारी गाठ. लोक म्हणतात जखम झाली, किंवा माज लांबला. याला टीव्हीटी म्हणतात. कुत्र्यांच्या मिलनातून, हुंगण्या-चाटण्यातून हा पसरतो. गंमत म्हणजे इथे जंतू पसरत नाही. एका कुत्र्याच्या कॅन्सरच्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्यात रुजतात, रोपवाटिकेतले पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत रोवावे तसं. रशियात नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये हा एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवला. आज जगभरच्या कुत्र्यांत जी गाठ आहे, ती हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींचा वंश आहे, असं जनुकांच्या तपासणीतून दिसलं आहे. माणसाला, गाईबैलांना हा होत नाही.

यावर व्हिनक्रिस्टिन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते सहा इंजेक्शनं, आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. अडचण अशी की दोन इंजेक्शनांत रक्त थांबतं आणि मालक यायचा थांबतो. मग गाठ परत वाढते. डॉक्टर सांगतील तोपर्यंत न्या. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस कुजतं, म्हणून ते दुकानातून आणून स्वतः टोचण्याचं काम नाही. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालून साफ करा आणि गरोदर बाईनं ते काम करू नये.

हे औषध निघतं आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. हे सांगताना थोडी भीती वाटते, कारण उद्या कोणीतरी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजेल. पाजू नका. पाल्यात औषध अगदी नगण्य आणि बाकीची विषारी द्रव्यं भरपूर असतात.

प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, हेही लक्षात ठेवा. गळ्याला अचानक सूज, जोराचा ताप, घरघर आणि लाळ असेल तर तो घटसर्प, त्यात हातात काही तासच असतात. मांडीवर, पुठ्ठ्यावर सूज आणि दाबल्यावर चरचर आवाज, तर फऱ्या. अंगभर गोल गाठी आणि ताप, तर लंपी. जबड्याखाली मऊ पिशवी लोंबते, जनावर खंगतं आहे, तर पोटातले कृमी, विशेषतः पाणथळ बांधीत चरणाऱ्या जनावरात यकृतातले चपटे कृमी. खांद्याची सूज बहुतेक वेळा जुवाची. तरुण कालवडीच्या तोंडावरचे मस पुष्कळदा आपोआप झडतात. कॅन्सरची गाठ सहसा तापाशिवाय, आठवड्या-महिन्यांत हळूहळू वाढते, पुन्हा पुन्हा फुटते आणि भरत नाही. म्हाताऱ्या कुत्रीच्या सडाजवळची गाठही अशीच, ती लहान असतानाच दाखवा.

एक गोष्ट गिधाडांसाठी. दुखणाऱ्या जनावराला वेदनाशामक लागतंच, पण जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून, तर केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून बंदी आहे. हे औषध घेतलेलं जनावर मेलं आणि उघड्यावर टाकलं, की ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात गिधाडं अजून आहेत. डॉक्टरांना मेलोक्सिकॅम मागा, ते गिधाडांना चालतं. माणसांच्या दुकानातली दुखण्याची सुई जनावराला टोचून घेऊ नका.

आता कुठे जायचं. पहिला आपल्या गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. शिंग काढण्यासारखं काम असेल तर अहेरीला आधी फोन करून डॉक्टर आहेत का विचारून मगच बैल गाडीत घाला. गडचिरोली शंभर किलोमीटरच्या वर, नागपूर त्याहून लांब, दुखऱ्या शिंगाच्या बैलाला तो प्रवास सोपा नाही. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे, फोनचे पैसे लागत नाहीत.

आम्हाला ग्रुपवर फोटो पाठवाल तर असे पाठवा: बैलाचं तोंड समोरून, दोन्ही शिंगं एका चौकटीत, मग दुखऱ्या शिंगाचं बूड जवळून, मग नाकपुडी. सोबत वय, खच्ची आहे का, त्रास किती दिवसांपासून आणि आतापर्यंत काय लावलं, हे लिहा. घरगुती काही लावलं असेल तर लपवू नका, कोणी रागावणार नाही. मी ते पाहून डॉक्टरांकडे पुढे पाठवते. १९६२ वर बोलताना गावासोबत जवळचं मोठं गाव सांगा. एटापल्ली-भामरागडकडच्या सभासदांनी नाल्याला पूर असेल तर गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि जनावर कुठपर्यंत चालत आणता येईल, हे पहिल्याच वाक्यात सांगा.